मुदत संपलेलं डोमेन मिळवायचं कसं? पुण्यातून नेहमी येणारे प्रश्न

दुकानाचं, क्लासचं, ट्रेकिंग ग्रुपचं नाव ठरतं, पाटी रंगवून होते, व्हिजिटिंग कार्डं छापली जातात, आणि मग कळतं की त्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्याच कुणी घेऊन ठेवलंय. वर त्या पानावर बघावं तर काहीच नाही. कोथरूडपासून हडपसरपर्यंत छोट्या धंद्यांच्या वेबसाइटची कामं करताना तेच ते प्रश्न कानावर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. घाई असेल तर निदान मराठी नावांबद्दलचं आणि जुन्या इतिहासाबद्दलचं उत्तर वाचाच. पैसे वाचतात ते तिथे.

मुदत संपली की नाव लगेच मोकळं होतं का?

नाही, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कायमचं विकत मिळत नाही. आपल्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखं ते मुदतीवर मिळतं, फक्त ही मुदत एक ते दहा वर्षांची असते. ती संपली तरी जुन्या मालकाला बरीच सवलत असते.

डॉट कॉम आणि डॉट नेटचा क्रम असा. मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवस नाव रजिस्ट्रारकडेच राहतं, म्हणजे ज्या कंपनीकडून ते घेतलं तिच्याकडे. या काळात जुना मालक पैसे भरून ते रिन्यू करू शकतो, बहुतेक ठिकाणी नेहमीच्याच दरात. रजिस्ट्रारने नाव सोडलं की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ सुरू होतो. इथेही मालक नाव परत घेऊ शकतो, पण रिन्यूच्या रकमेवर जबर दंड बसतो. त्यानंतरचे ५ दिवस पेंडिंग डिलीटचे. या पाच दिवसांत कुणालाच काही करता येत नाही, जुन्या मालकालाही नाही. मग नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे त्या शेवटाच्या (डॉट कॉम, डॉट इन वगैरे) सगळ्या नावांच्या मुख्य नोंदवहीतून, पुसलं जातं आणि जो पहिला मागेल त्याला मिळतं.

तारखा लावून बघा. मुदत १ जूनला संपली आणि रजिस्ट्रारने पूर्ण ४५ दिवस घेतले, तर १६ जुलैला रिडेम्प्शन सुरू होईल, १५ ऑगस्टला पेंडिंग डिलीट, आणि नाव सुटेल २० ऑगस्टच्या सुमारास. काही रजिस्ट्रार ४५ दिवस थांबत नाहीत, त्यामुळे तारीख अलीकडे येऊ शकते.

व्हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदीत, तर पुढच्या वर्षाची तारीख दिसते. म्हणजे रिन्यू झालं ना?

झालं असेलच असं नाही. मुदत संपताच रजिस्ट्री आपल्या बाजूने ते नाव एक वर्षाने पुढे ढकलते आणि रजिस्ट्रारकडून पैसे घेते. मालकाने पैसे भरलेच नाहीत आणि रजिस्ट्रारने ४५ दिवसांच्या आत नाव सोडलं, तर ते पैसे रजिस्ट्रारला परत मिळतात. तोवर रजिस्ट्रीची तारीख पुढच्या वर्षाची दिसते आणि रजिस्ट्रारची जुनीच. नोंदीत दोन तारखा वेगळ्या दिसल्या तर मालकाने अजून पैसे भरलेले नाहीत असं समजायला हरकत नाही. तारखेपेक्षा स्टेटस वाचा. ‘ऑटो रिन्यू पीरियड’, ‘रिडेम्प्शन पीरियड’, ‘पेंडिंग डिलीट’ हे शब्द तिथे स्पष्ट लिहिलेले असतात. ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ दिसलं तर घाबरू नका. ते साधं कुलूप आहे आणि जवळपास प्रत्येक नावावर असतं.

ही नोंद बघायची कुठे?

डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनच्या, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर. जुनी व्हूइज पद्धत आता मागे पडली आहे. जानेवारी २०२५ पासून आयकॅनने आरडॅप ही नवी पद्धत अधिकृत केली, पण बोलताना सगळे अजून व्हूइजच म्हणतात. डॉट इनसाठी निक्सी या भारतीय संस्थेच्या रजिस्ट्रीचं स्वतःचं शोधपान आहे.

मालकाचं नाव, फोन, पत्ता तिथे मिळेल ही आशा सोडा. २०१८ साली युरोपात गोपनीयतेचा कायदा लागू झाला आणि तेव्हापासून हा तपशील बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो. मालकापर्यंत पोहोचायचं असेल तर रजिस्ट्रारच्या पानावरचा संपर्क फॉर्म वापरा, नाहीतर वेबसाइटच्या जुन्या प्रतीत फोन नंबर सापडतो का ते बघा. पुण्यात दुसरा मार्ग बऱ्याचदा जास्त चालतो. पाच वर्षांपूर्वीच्या पानावर सदाशिव पेठेतला पत्ता असतो आणि माणूस अजून तिथेच बसलेला असतो.

मग सुटणारी नावं शोधायची कशी?

एखादं ठरावीक नाव मनात असेल तर शोधण्यासारखं काही नाही. वर सांगितलेली नोंद आठवड्यातून एकदा बघत राहा आणि स्टेटस बदलतंय का याकडे लक्ष ठेवा. मनात नाव नसेल, ‘पुणे’ आणि ‘सायकल’ असलेलं काहीतरी चाललं असतं, असं असेल तर याद्या बघाव्या लागतात.

या याद्या तयार होतात झोन फाइलमधून. त्या क्षणी चालू असलेल्या सगळ्या नावांची ही यादी रजिस्ट्री रोज तयार करते, आणि डॉट कॉमसकट बहुतेक जागतिक शेवटांची फाइल आयकॅनकडे अर्ज केला की फुकट मिळते. कालच्या फाइलमध्ये होतं आणि आजच्यात नाही, असं नाव बहुधा रिडेम्प्शनमध्ये गेलेलं असतं. एवढी तुलना रोज करत बसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून एक्स्पायर्ड डोमेन्स डॉट नेटसारख्या सेवा ते काम करून देतात. तिथे खातं फुकट उघडता येतं. शब्द, लांबी, शेवट, नावात आकडे किंवा जोडरेघ नको, अशा चाळण्या लावता येतात. चाळणी आधी कडक लावा आणि मग हळूहळू सैल करा. उलट केलंत तर हजारो निरर्थक नावांत संध्याकाळ जाईल.

देशांच्या शेवटांच्या झोन फाइल आयकॅनच्या त्या व्यवस्थेतून मिळत नाहीत, डॉट इनचीही नाही. त्यामुळे डॉट इनच्या याद्या अर्धवट असतात. तिथे एकेक नाव हाताने तपासणं जास्त भरवशाचं.

चांगलं नाव पेंडिंग डिलीटपर्यंत येतच नाही, हे खरं का?

बरंचसं खरं आहे. मोठ्या रजिस्ट्रारकडची नावं मुदत संपल्यावर रिडेम्प्शनपर्यंत जाण्याआधीच लिलावात येतात. गोडॅडीचा स्वतःचा लिलाव आहे. नेमजेट आणि डायनाडॉट यांच्याकडेही अशी नावं लागतात. लिलावात घेतलेलं नाव रजिस्ट्रीतून कधी पुसलंच जात नाही, फक्त मालक बदलतो, त्यामुळे नोंदणीची मूळ तारीख तशीच राहते. पुसलं जाऊन परत घेतलेल्या नावाला मात्र नवी तारीख लागते. नाव २००६ पासूनचं आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर नोंदीतली तारीख आधी बघा.

या लिलावांत एक खोच आहे. बोली तुम्ही जिंकलात, पण रिन्यूच्या सवलतीच्या काळात जुन्या मालकाने पैसे भरले, तर व्यवहार रद्द होतो. तुमचे पैसे परत मिळतात, नाव मिळत नाही. म्हणून लिलाव जिंकल्या संध्याकाळी पाटीवाल्याला ऑर्डर देऊ नका. नाव तुमच्या खात्यात आलेलं दिसू दे.

बॅकऑर्डर म्हणजे काय? आणि मी स्वतः रात्री जागून नाव पकडू शकतो का?

बॅकऑर्डर म्हणजे नाव सुटता क्षणी आपल्यासाठी पकडायला कुणाला तरी सांगून ठेवणं. ड्रॉपकॅच आणि स्नॅपनेम्स या त्यातल्या माहितीतल्या सेवा. साधारण साठ ते ऐंशी डॉलरपासून सुरुवात होते आणि बहुतेक ठिकाणी नाव मिळालं तरच पैसे लागतात. काहीजण आगाऊ घेतात, ते आधी वाचून घ्या. एकाच नावासाठी दोघांनी सांगून ठेवलं असेल तर सेवा त्या दोघांत खाजगी लिलाव लावते. दोन-तीन ठिकाणी बॅकऑर्डर लावायला हरकत नाही, कारण नाव शेवटी एकाच सेवेच्या हाती लागतं.

स्वतः पकडायचं म्हणाल, तर डॉट कॉमची नावं रोज अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी दोनच्या पुढे तासाभरात सुटतात. म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात रात्री साडेअकरानंतर आणि हिवाळ्यात साडेबारानंतर. नेमका कोणता सेकंद, ते आधी कळत नाही. समोर माणसं बसलेली नसतात. या कंपन्यांच्या मशीन रजिस्ट्रीवर एकसारखी मागणी करत असतात. प्रत्येक मान्यताप्राप्त रजिस्ट्रारला रजिस्ट्रीशी ठरावीकच जोडण्या मिळतात, म्हणून काही कंपन्यांनी शेकडो रजिस्ट्रार परवाने घेऊन ठेवले आहेत. एकेका परवान्याची आयकॅनची वार्षिक फी ४००० डॉलर आहे. यावरून या धंद्यातली उलाढाल समजते. इंग्रजी शब्दकोशातला छोटा शब्द ब्राउझरवर बटण दाबून पकडायला बसणार असाल, तर झोपलेलं बरं.

पण मराठी नावांच्या मागे इतके लोक लागतात का?

फारसे नाहीत, आणि मी बॅकऑर्डरचे पैसे सहसा वाचवायला सांगतो ते त्यामुळेच. मशीन पाठवणाऱ्यांना हवी असतात छोटी इंग्रजी नावं, तीन-चार अक्षरी जुळण्या आणि भरपूर जुन्या लिंक असलेल्या साइट. ‘अमुक वाचनालय’ किंवा ‘तमुक दुग्धालय’ असं रोमन लिपीतलं नाव त्यांच्या लेखी अगम्य असतं. अशी नावं माझ्या पाहण्यात बहुधा सुटतात आणि पडून राहतात. सुटायच्या दिवसाची तारीख काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तपासा आणि नेहमीच्या दरात घेऊन टाका. मराठी नावासाठी सहा-सात हजार रुपये बॅकऑर्डरला घालवण्याआधी तुमच्याशिवाय ते कुणाला हवंय याचा विचार करा.

अपवाद दोन. नावात ‘पुणे’ असेल आणि पुढे इंग्रजी धंद्याचा शब्द असेल, म्हणजे फ्लॅट, जॉब, हॉटेल वगैरे, तर गिऱ्हाईक आहे. आणि नाव मराठी असलं तरी जुन्या साइटला वर्तमानपत्रं, विद्यापीठं, सरकारी पानं यांच्या लिंक असतील, तर सट्ट्याच्या आणि जुगाराच्या साइटवाले त्यावर टपलेले असतात. त्यांना नावाचा अर्थ नको असतो, लिंक हव्या असतात. एखाद्या शाळेच्या जुन्या पत्त्यावर अचानक रमीची जाहिरात दिसते ती यामुळे.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना एकच एक रीत नाही, याचाही फायदा घ्या. ‘व’ला व्ही की डब्ल्यू, ‘वाडा’तल्या पहिल्या आ-काराला एक ए की दोन, ‘बाग’ला नुसता ए की ए-यू. ‘ज्ञ’ तर मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो आणि हिंदी माणूस जी-वाय. हवं असलेलं रूप अडलेलं असेल तर दुसरं रूप मोकळं असण्याची शक्यता बरीच असते, आणि मग वाट बघायची गरजच उरत नाही. फक्त ते रूप फोनवर सांगून बघा. समोरच्याने पहिल्या फटक्यात बरोबर टाइप केलं तर घ्या.

जुनं नाव घेतलं तर गूगलमध्ये वर दिसतं, असं ऐकलंय.

हा सल्ला जुना झाला. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅमविरोधी नियमांत मुदत संपलेल्या डोमेनच्या गैरवापराचं वेगळं कलम घातलं. शाळेचं जुनं नाव घेऊन त्यावर कॅसिनो चालवणं, हे उदाहरण त्यांनी स्वतःच दिलं आहे. जुन्या नावावर प्रामाणिकपणे नवी साइट उभारायला त्यांची ना नाही. जुन्या पुण्याईवर फालतू मजकूर वर चढवायचा असेल तर मात्र पैसे बुडाले समजा. ‘हाय अथॉरिटी डोमेन’ म्हणून व्हॉट्सॲपवर नावं विकणारे अथॉरिटीचा जो आकडा दाखवतात, तो तिसऱ्याच कंपनीने काढलेला असतो. तो गूगलचा नसतो.

घेण्याआधी नावाचा इतिहास कसा तपासायचा?

यात कंटाळा करू नका. नाव सुटण्याची वाट दोन महिने बघणारी माणसं तपासायला अर्धा तास देत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आधी इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. ही संस्था १९९६ पासून पानांच्या प्रती जपते आहे. नाव टाका आणि वर्षावर्षाने बघत या. मधल्या एखाद्या वर्षी अचानक चिनी किंवा रशियन मजकूर, औषधांच्या जाहिराती, जुगार दिसला, तर ते नाव आधीच एकदा सुटून भलत्या हातांत जाऊन आलंय. शेवटची प्रत ठीकठाक आहे म्हणून खूश होऊ नका, मधली वर्षंच बघायची असतात. कोणतीच प्रत नसेल तर चांगलंच आहे, नाव कोरं असण्याची शक्यता जास्त.

मग गूगलच्या शोधपेटीत ‘साइट’, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे ते नाव, असं टाकून काय दिसतं ते बघा. नाव अवतरणचिन्हांत टाकूनही शोधा. फसवणुकीच्या तक्रारी असतील तर तिथे निघतात. गूगलची सेफ ब्राउझिंगची (धोकादायक साइटची) तपासणी करा आणि स्पॅमशी जोडलेल्या नावांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या डोमेन यादीत नाव आहे का ते पाहा. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. त्या यादीत नाव असेल तर वेबसाइट दिसेल, पण तुमचे ईमेल गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जातील, आणि कोटेशन का पोहोचत नाही हे तुम्हाला महिनाभर कळणार नाही. पैसे देऊन वापरायची साधनंही आहेत, अहरेफ्स आणि मॅजेस्टिक, ज्यांत त्या नावाकडे येणाऱ्या लिंक आणि त्यांवरचे शब्द दिसतात. दुकानाच्या साध्या साइटसाठी त्यांची गरज नाही.

शेवटी ट्रेडमार्क. भारत सरकारच्या ट्रेडमार्क शोधपानावर नाव आणि आपल्या धंद्याचा वर्ग टाकून बघता येतं, पैसे लागत नाहीत.

नाव मोकळं होतं, मी पैसे भरले. आता कुणी ते माझ्याकडून काढून घेऊ शकतं का?

हो, नाव दुसऱ्याच्या ब्रँडचं असेल तर. आपल्याकडची न्यायालयं यावर बऱ्याच आधीपासून ठाम आहेत. रेडिफच्या नावात एकच अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनचा खटला १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात चालला आणि निकाल रेडिफच्या बाजूने लागला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं असं मान्य केलं.

न्यायालयात न जाताही नाव जाऊ शकतं. डॉट कॉमसाठी यूडीआरपी ही १९९९ पासूनची तंटा सोडवण्याची पद्धत आहे. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचापुढे तक्रार न्यायची फी पाच नावांपर्यंत १५०० डॉलर. डॉट इनसाठी निक्सीची आयएनडीआरपी आहे, तिथे लवाद नेमला जातो. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या चिन्हासारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेतलंय. ‘तुम्ही रिन्यू करायला विसरलात, मी घेतलं’ हा बचाव ऐकायला चोख वाटतो, पण पाठोपाठ तुम्ही त्याच कंपनीला दोन लाखांना नाव विकायची मेल पाठवली असेल तर तीच मेल तुमच्याविरुद्ध पुरावा ठरते. ‘मिसळ’, ‘पुस्तक’, ‘सायकल’ असे सामान्य शब्द घ्या. लक्ष्मी रस्त्यावरच्या नामांकित पेढीचं नाव सुटलेलं दिसलं तरी हात लावू नका.

डॉट इन आणि डॉट भारतचे नियम वेगळे आहेत का?

डॉट इन निक्सी चालवते आणि २००५ पासून ते सर्वांना खुलं आहे. मुदतीनंतरच्या पायऱ्या डॉट कॉमसारख्याच आहेत: सवलत, रिडेम्प्शन, मग पुसणं. ओळखीची कागदपत्रं मागितली जातात, ती तयार ठेवा. डॉट को डॉट इन हा शेवट लोक विसरून जातात, पण पुण्यातल्या जुन्या उद्योगांची बरीच नावं तिथेच आहेत आणि त्यामागे धावणारे कमी.

देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. मराठीसह आठ भाषांना ते एकदम मिळालं, आणि कोणती अक्षरं एकमेकांसारखी दिसून घोळ होईल याच्या नियमांवर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने काम केलं. सी-डॅकचं मुख्यालय आपल्याच पुण्यात आहे. डॉट भारतमध्ये सुटलेल्या नावांची शिकार वगैरे काही नाही. हवं ते नाव बहुधा पहिल्यांदाच मोकळं मिळतं. पत्ता ब्राउझरमध्ये चालतो, ईमेलला मात्र अजून अडतं, म्हणून पाटीवर डॉट भारत आणि मेलसाठी डॉट इन अशी जोडी ठेवावी.

नाव शोधलं की कंपनी ते स्वतःच घेऊन टाकते, असं म्हणतात.

जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या नेटवर्क सोल्युशन्सने लोकांनी शोधलेली नावं स्वतःकडे अडवून ठेवायला सुरुवात केली होती आणि त्यावर खूप ओरड झाली. मनात शंका असेल तर अनोळखी ‘नाव शोधा’ पानांऐवजी आयकॅनच्या लुकअपवर तपासा, आणि नाव पसंत पडलं तर त्याच बैठकीत घ्या. पुण्यात तर चार मित्रांना विचारण्यातच नाव जातं.

एकूण खर्च किती?

नेहमीच्या दराने घेतलेलं डॉट कॉम वर्षाला हजार-बाराशे ते दीड हजारांच्या घरात पडतं. डॉट कॉमची रजिस्ट्री चालवणाऱ्या व्हेरिसाइनचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला, त्यामुळे ९९ रुपयांची जाहिरात दिसली की दुसऱ्या वर्षाचा दर शोधा. वर १८ टक्के जीएसटी. डॉट इन स्वस्त. लिलावात सीमा नाही, म्हणून बोली लावण्याआधी आकडा कागदावर लिहा आणि तो घरच्यांना दाखवा.

माझंच नाव हातचं जाऊ नये म्हणून?

नियमानुसार रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत आठवण पाठवायची असते. ती जाते नोंदलेल्या ईमेलवर. तो ईमेल त्याच डोमेनचा असेल तर मुदतीनंतर बंद पडतो आणि तिसरी आठवण कुणालाच मिळत नाही. म्हणून नोंदीत वेगळा मेल द्या. मंडळं आणि सोसायट्यांत आणखी एक होतं. नाव असतं कुणा उत्साही कार्यकर्त्याच्या खात्यावर, तो नोकरीसाठी बाहेरगावी जातो, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर.

ऑटो रिन्यूवर आंधळा भरवसा नको. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, आणि परदेशी रजिस्ट्रारकडचे असे व्यवहार भारतीय कार्डांवर अनेकदा नाकारले जातात. एकदम पाच वर्षांचे पैसे भरलेले बरे. मोठ्यांचंही विसरतं: १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरले नाहीत, हॉटमेलच्या लॉगिनला अडचण आली, आणि एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते सुरू केलं.

मात्र ‘आपल्या डोमेनची मुदत संपत आहे, तात्काळ भरा’ अशा प्रत्येक मेलला पैसे भरू नका. आपला रजिस्ट्रार कोण हे माहीत असलं की यातल्या निम्म्या मेल लगेच ओळखू येतात.

नाव मिळालं. पहिल्या दिवशी काय?

टू-फॅक्टर लॉगिन लावा, ट्रान्सफरचं कुलूप चालू आहे का बघा. नव्या नोंदणीनंतर ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात मालकी सिद्ध करा आणि ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ उघडा. जुन्या मालकाच्या काळातला दंड अजून लागू असेल तर तिथे दिसतो, आणि मालक बदलल्याचं सांगून फेरविचाराची विनंती करता येते. गूगल वर्कस्पेस घेताना ‘हे डोमेन आधीच वापरात आहे’ असं आलं तर जुन्या खात्याला ते अजून चिकटलेलं आहे. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींत, नोंद टाकून मालकी दाखवावी लागते आणि चार-सहा दिवस जातात.

आणि कुठल्याही नावाला आलेली मेल उचलणारा सर्वसमावेशक मेलबॉक्स सुरू करू नका. जुन्या मालकाची बँकेची पत्रं, पासवर्ड बदलायच्या लिंक, पेशंटचे रिपोर्ट असं काहीही त्यात येऊन पडेल. ती तुमची नव्हेत, आणि वाचलीत तर अडचणीत याल. २०२४ मध्ये सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका कंपनीने डॉट मोबीच्या व्हूइज सर्व्हरचं जुनं, सुटलेलं नाव २० डॉलरला घेतलं, तर लाखाहून अधिक यंत्रणा अजून त्याच पत्त्यावर चौकशी करत होत्या. तुमच्या नव्या नावावर मेल पाठवणारे एवढे नसतील, पण असतील. हवे तेवढेच दोन-तीन पत्ते उघडा, बाकीच्या मेल परत जाऊ द्या. जुना मालक पुण्यातलाच असेल आणि फोन सापडला, तर त्याला कळवा की हा पत्ता आता त्याचा नाही, बँकेत नवा मेल देऊन ये.